वरचे चार दात

कवळीकाकांना जळायला कारण लागत नसे. शेजाऱ्याने दार रंगवलं तरी यांच्या पोटात दुखायचं आणि रंग वाईट निघाला की दुखणं थांबायचं. मेव्हण्याला बढती मिळाली तेव्हा त्यांनी अभिनंदनाचा फोन केला खरा, पण "जबाबदारी वाढली हो, आता तब्येत सांभाळा," हे अशा आवाजात सांगितलं की मेव्हणा दुसऱ्या दिवशी रक्त तपासून आला. तरी माणूस वाईट नव्हता. जळायचा, पण धूर बाहेर येऊ द्यायचा नाही.

कवळीकाका हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. ते दात बनवत. म्हणजे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे, त्याचा प्लॅस्टरचा साचा एका डब्यात घालून काकांकडे पाठवायचे आणि काका चपलांच्या दुकानावरच्या लांबट खोलीत बसून त्या साच्यावर दात उभे करायचे. खोलीत एक टेबल, एक बर्नर, एक छोटी भट्टी आणि पॉलिशचं चाक. चाकाची पांढरी भुकटी काकांच्या भुवयांवर कायम बसलेली. डब्यावर नाव नसायचं, नुसता नंबर. दात नीट बसले की पेशंट डॉक्टरांचे आभार मानी. दात टोचले की डॉक्टर काकांना फोन करीत. बावीस वर्षं असंच चाललं होतं.

ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे ते हे काम शिकले, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरा, कुणाच्या तोंडात काय आहे ते आपल्या तोंडात येता कामा नये." हा नियम काकांनी जिवापाड सांभाळला. रस्त्यात त्यांना आपले दात भेटत. बँकेच्या मॅनेजरच्या तोंडात भेटत, फुलं विकणारीच्या तोंडात भेटत. स्वतःच्या हाताचं काम ओळखू येणार नाही तर काय? पण काका मान खाली घालून पुढे जात. एकदा बायकोने विचारलं होतं, "अहो, आमच्या मुख्याध्यापक बाईंचे दात तुम्ही केलेत का हो?" त्यावर काकांनी आणखी अर्धा कप चहा मागितला. बायको शाळेच्या ऑफिसात होती, माणसं वाचण्यात तिची हयात गेलेली. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या वर्षी उन्हाळा लागला आणि कप्तान आला.

त्याला कप्तान कुणी केलं नव्हतं. त्याचं फरशांचं दुकान होतं. त्याची बायको काकांच्या बायकोबरोबर एकाच टेबलाला कामाला. हिवाळ्यात त्याने नऊ माणसं बसतील अशी मोटरबोट घेतली. पांढरी, वर निळ्या पट्ट्यांचं छत. बोटीबरोबर एक टोपीही घेतली आणि टोपी घातल्यावर सगळे त्याला कप्तान म्हणायला लागले. "उन्हाळाभर रविवारी तळ्यावर यायचं, घरचंच समजायचं," असं आमंत्रण आलं. काकांना पोहता येत नव्हतं आणि दुसऱ्याच्या वस्तूत बसणं तर त्याहून जमत नव्हतं. पण बारा वर्षांच्या लेकीने आनंदाने एवढी उडी मारली की नाही म्हणायची सोय उरली नाही.

पहिल्या रविवारी धक्क्यावर कप्तानने हात पुढे केला आणि तोंडभर हसला.

काकांचा हात हातातच राहिला. वरचे चार, समोरचे. यांना ते ओळखत होते. गेल्या वर्षी या चारांनी त्यांचे अकरा दिवस खाल्ले होते. डॉक्टरांनी रंग दोनदा परत पाठवला होता. शेवटी काकांनी डावीकडचा दुसरा दात केसभर पुढे वळवला होता, कारण देवाने दिलेले दात कधी पट्टीने आखल्यासारखे सरळ नसतात. त्या केसभराने सगळी जादू झाली होती. आणि ती जादू आता या माणसाच्या तोंडात बसून काकांच्या बायकोकडे बघून चमकत होती.

परत येताना बायको म्हणाली, "किती छान हसतात नाही का ते? बघणाऱ्याला पण हसू येतं." म्हणताना ती काकांकडेच बघत होती. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"असेल," ते म्हणाले.

मग उन्हाळा सुरू झाला तो कप्तानच्या हसण्याच्या तालावरच. हा माणूस प्रत्येक गोष्टीला हसायचा. दोरी सुटली की हसायचा, इंजिन बंद पडलं की हसायचा, छत्री पाण्यात उडून गेली तेव्हा तर पोट धरून हसला. एका रविवारी त्याने काकांच्या बायकोच्या हातात सुकाणू दिलं. "वहिनी, बिनधास्त वळवा. बुडालो तर सगळे एकदमच बुडू." घरात विळी सरकवतानाही जपणारी ती बाई, बोट गरकन वळवून खिदळत होती. काका कडेचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते. वीस वर्षांच्या संसारात ही अशी खिदळली होती कधी, ते आठवायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. दोनदा आठवलं. त्यातल्या एका वेळी ते स्वतः घसरून पडले होते.

लेकीचं तर विचारूच नका. तिला कप्तानने पोहायला शिकवायला घेतलं. घरी आली की सुरू: कप्तानकाका म्हणतात पाण्याशी भांडायचं नाही, कप्तानकाका म्हणतात श्वास मोजायचा नाही. "आणि बाबा काय म्हणतात?" काकांनी एकदा विचारलं. लेक विचारात पडली. "बाबा म्हणतात, ओल्या केसांनी झोपू नकोस."

मेच्या मध्यावर तीन दिवसांची सहल निघाली. तळ्याला मिळणाऱ्या नदीतून वर, झाडीतल्या एका लाकडी अतिथीगृहात मुक्काम. दोन्ही कुटुंबं. तिथे कप्तानने विस्तव पेटवला, गाणी म्हटली, पत्त्यांत मुद्दाम हरला. काकांनी तेही ओळखलं आणि त्याचाही त्यांना हेवा वाटला, कारण त्यांना कधी मुद्दाम हरावं लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तानने भाजलेलं कणीस उचललं आणि समोरच्या दातांनी करकचून चावा घेतला.

"कापून खा!" काका ओरडले.

सगळे वळले. काकांचा चेहरा लाल. मनातून त्यांना हे दात तुटावेत असं रोज वाटत होतं. देवाशपथ वाटत होतं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ते सफरचंदात, लोखंडात, कुठे कुठे मोडून पाहिले होते. पण प्रत्यक्षात ते धोक्यात दिसले आणि कारागिराचा जीव खालीवर झाला. "म्हणजे... पचायला बरं पडतं कापून," ते पुटपुटले. कप्तानने मुकाट्याने चाकू घेतला. बायको खाली मान घालून गालात हसली. ही आपल्याला हसतेय, असं काकांनी धरलं आणि संध्याकाळपर्यंत ते तिच्याशी बोलले नाहीत.

आता त्यांना एकच हवं होतं. बायकोला कळावं. जगाला नको, डॉक्टरांना नको, एकट्या तिला कळावं की ज्या हसण्यावर ती भुलली आहे ते या नवऱ्याच्या हातचं आहे, चपलांच्या दुकानावर बसून, डोळे फोडून केलेलं. पण सांगावं कसं? बावीस वर्षांत कुणाचं तोंड उघड केलं नव्हतं. आणि सांगितलं नाही तर? तर हा उन्हाळा संपेपर्यंत ती आपल्याकडे नुसतं एक पांढऱ्या भुवयांचं सामान म्हणून बघायला लागेल, अशी त्यांना खात्रीच झाली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. चावला तरी ओरडायचं कुणाकडे बघून?

शेवटच्या रविवारी जंगी बेत ठरला. लेक धक्क्यापासून मधल्या बेटापर्यंत पोहत जाणार आणि पोहोचली की बोटीवर केक कापायचा. कप्तानने दुकानातली चार माणसं बोलावली, शाळेच्या ऑफिसातल्या दोघी आल्या. कप्तान लेकीच्या शेजारून होडी वल्हवत निघाला. काका मोटरबोटीत बसून होते. पोर पाण्यात होती तेवढा वेळ मात्र ते कुणावर जळले नाहीत. तिचे हात वर येताना ते मोजत होते, एक, दोन, एक, दोन. अर्ध्यावर ती थांबली, गटांगळी खाल्ल्यासारखं झालं, आणि कप्तानने वरून काहीतरी म्हटलं. ती पुन्हा निघाली. पोहोचली. बेटाच्या दगडावर उभी राहून तिने दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "कप्तानकाका, जमलं!"

कप्तानकाका.

काकांच्या डोळ्यांत आलेलं पाणी जागच्या जागी आटलं.

बोटीवर सगळे जमले. कप्तानच्या दुकानातला एकजण कॅमेरा घेऊन टोकाला उभा राहिला. मधे लेक, टॉवेलात गुंडाळलेली, एका बाजूला कप्तान, दुसऱ्या बाजूला काका. फोटोवाला म्हणाला, "अहो काका, हसा की जरा! कप्तानसारखं!"

"बाबांना येतच नाही तसं हसता," लेक म्हणाली. सहज म्हणाली, दातांनी केकवरची चेरी कुरतडत.

सगळे हसले. बायकोही हसली.

"येईल कसं?" काका म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण इतका मोठा त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. "ते हसू त्यांचं आहे कुठे? ते मी केलंय. वरचे चार. खोटे आहेत. माझ्या टेबलावर अकरा दिवस पडलेले होते."

इंजिन बंद होतं. बोटीला लाटा लागण्याचा तेवढा आवाज येत होता. दुकानातली चार माणसं मालकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि कप्तानचा हात आपसूक तोंडावर गेला होता. मग त्याने तो हात खाली घेतला.

"खरं आहे," तो म्हणाला. "चारही." आणि ओठ मिटूनच हसला. फोटो तसाच निघाला.

केक कापला. चांगला होता म्हणतात. कप्तानने सगळ्यांना वाढलं, काकांनाही वाढलं, पण बोलताना तो पाण्याकडे बघून बोलत होता. दुकानातल्या धाकट्या माणसाने एक विनोद केला आणि कप्तान हसणार तेवढ्यात थांबला. काकांनी ते थांबणं पाहिलं. उन्हाळाभर ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं आणि घासाबरोबर ते त्यांना गिळताही येईना.

परतीच्या बसमध्ये लेक पुढच्या बाकावर एकटी बसली. खिडकीकडे तोंड करून. मागच्या बाकावर काका आणि बायको. तीन थांबे गेले. मग बायकोने मांडीवरचा ओला टॉवेल घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"दातांचं. पहिल्याच रविवारी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. धक्क्यावर पाय घसरून पडले होते. त्यानंतर तीन महिने दुकानात रुमाल तोंडाशी धरून बसायचे. तुम्ही दात केलेत हे त्यांनी डॉक्टरांच्या खनपटीला बसून काढून घेतलं. तुमचे आभार मानायचे होते त्यांना. त्यासाठीच तर बोलावलं आपल्याला."

"मग मानले का नाहीत?"

"मीच त्यांना नको म्हटलं. म्हटलं, ह्यांच्या धंद्यात कुणाचं तोंड उघडं करत नाहीत. तुम्ही विषय काढलात तर ह्यांना अवघड होईल. ओळखलंय ह्यांनी, पण बोलणार नाहीत. बघाच तुम्ही."

बस वळली. दोघांचे खांदे एकमेकांवर आपटले आणि ती थोडी सरकून बसली.

"जळत होतात ते दिसत होतं हो मला. आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "दर रविवारी वाटायचं, आज बोलतील. आणि तुम्ही बोलायचा नाहीत. एवढं पोटात दुखतंय आणि तरी हा माणूस दुसऱ्याची झाकली मूठ उघडत नाही. मी त्या ऑफिसात मैत्रिणींना सांगत नव्हते, पण मनात म्हणायचे, बोटी काय, कुणीही घेईल. असा नवरा कुणाकडे आहे?"

"म्हणायचीस?" काकांनी विचारलं.

तिने टॉवेलाची घडी पिशवीत टाकली आणि बाहेर बघत राहिली.

काकांनी आयुष्यभर पुष्कळांचा हेवा केला होता. शेजाऱ्याच्या दाराचा, मेव्हण्याच्या खुर्चीचा, कप्तानच्या बोटीचा. पण आत्ता बसमध्ये जे काळीज कुरतडत होतं तसं कधी कुरतडलं नव्हतं. उन्हाळाभर त्यांच्या बायकोला एक माणूस मनापासून आवडत होता. तो बोटीच्या कडेला दांडा धरून गप्प बसायचा, आणि आज दुपारी केक कापायच्या आधीपर्यंत तो तिथेच होता.