आखाजीचं आमंत्रण बैलांना

आमच्या लग्नानंतरच्या तिसऱ्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही नवरा-बायको एका अनोळखी घरी पाहुणे गेलो. आमंत्रण बैलांना होतं.

चूक सगळी माझी, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात. त्यांना न्यायला भाऊ येतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मथुराचा, म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ आठवडाभर आधी येऊन गेला होता. मी त्याला एकट्यालाच परत पाठवलं! कारण मी नुकतीच बैलजोडी घेतली होती आणि ती मला सासरी मिरवायची होती. (एस.टी.सुद्धा सुरू झाली होती. पण नव्या बैलांचा मालक एस.टी.त बसतो का?)

ऐन आखाजीच्या पहाटे एरंडोलहून छकडा निघाला.

"अहो, वेळेत पोचू ना? सांज झाली की मैत्रिणी पांगतील. वर्षातून एकदाच भेटतात."

"अगं, हे बैल आहेत की वारा!"

वारा पारोळ्यापर्यंत नीट वाहिला. तिथून सरळ धुळ्याच्या रस्त्याला लागायचं, की झालं. पण ऊन चढलं. रस्ता पाण्यासारखा हलू लागला, त्यावर बाभळी तरंगू लागल्या. घुंगरं वाजत होती, पण फार लांब कुणाच्या तरी लग्नात वाजल्यासारखी. मथुरा गाणं गुणगुणत होती. ते अर्ध्यावर थांबलं आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी फक्त डोळे मिटले. (डोळे मिटणं म्हणजे झोपणं नव्हे, असं मी आजही म्हणतो.)

मिटल्या डोळ्यांपुढे सासरचं गाव माझ्या बैलांचं कौतुक करत होतं. डोळे उघडले तर गाव खरंच कौतुक करत होतं! फक्त ते गाव सासरचं नव्हतं.

एक म्हातारा बैलाच्या गळ्यात पडला होता. "मना सर्जा उना रे! आखाजीले घर उना!" (उना म्हणजे आला.)

बैल मी बाजारात दलालाकडून घेतले होते. त्यांचा जुना मालक मी कधी पाहिला नव्हता. बैलांनी मात्र पाहिला होता.

"नाना," मी खाली उतरत म्हणालो, "आम्हाला धुळ्याच्या रस्त्याला जायचं होतं."

"मंग आठे कसा उनात?"

मी खाकरलो. मथुरानं डोळे चोळत सांगून टाकलं, "हे हाकत होते."

नानांची म्हातारी बैलांच्या पायांवर पाणी घालायला आली, तोवर मथुराच्याच डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं. मला तर छकड्याखाली शिरावंसं वाटलं! म्हातारीनं तिचा हात धरला.

"रडू नको वं माय! आखाजीले लेक ज्या घर उनी, ते तिनं माहेर. बठ्ठ्या पोरी झोकावर शेतस, तू बी बठ!"

निंबाच्या झाडाला झोका होता. अनोळखी पोरींनी तिला मधे घेतलं. तिचं हिरवं लुगडं पानांत शिरत होतं, पुन्हा उन्हात येत होतं. मघाशी अर्ध्यावर राहिलेलं गाणं तिनं वरूनच पुरं केलं आणि असं हसली, की तसं हसणं मी आमच्या घरात ऐकलं नव्हतं. मी जागा आहे की अजून छकड्यातच आहे, हे मला कळेना. चिमटा काढून घेणार होतो. पण म्हटलं, झोपेत असलो तर उगाच जाग यायची.

ऊन जरा उतरताच नानांनी कासरा स्वतःच्या हातात घेतला. "जवाईबापू, तुम्ही मांगे बठा." मी मागे, गाठोड्यांत बसलो. माझ्यातला आणि गाठोड्यांतला फरक एवढाच, की गाठोडी कामाची होती.

सूर्य मावळतीला टेकला तेव्हा सासर आलं. मैत्रिणी पांगल्या नव्हत्या! त्यांनी तिची जागा झोक्यावर रिकामी ठेवली होती. मथुरा चालत्या छकड्यातून उडी मारून पळाली.

"एवढा उशीर?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"आई, बैलांनी मला आणखी एक माहेर दाखवून आणलं!" ती झोक्यावरून ओरडली. "हे झोपले होते!"

मी हातपाय धुऊन ओट्यावर बसलो. सासूबाई खापरावरचे गरम मांडे घेऊन आल्या आणि माझ्यासमोरून सरळ अंगणात गेल्या. पहिला सर्जाला, दुसरा त्याच्या जोडीदाराला, तिसरा नानांना. चौथा करपला होता. तो मला आग्रहानं वाढला.