डोमाभाऊले विचारलं?

मोठ्या मायला, म्हणजे माझ्या थोरल्या काकूला, वाट पाहणं ठाऊकच नव्हतं. चहा उकळायच्या आत ती गाळून घ्यायची, एसटी दिसायच्या आधीच पिशवी उचलून उभी राहायची. "थांबून कोनाचं भलं झालं?" असं वर आम्हालाच विचारायची.

आमच्या तालुक्याच्या गोरेगावजवळची आंब्याच्या कलमांची बाग थोरले काका, म्हणजे मोठे बाबा, वारल्यावर तिने एकटीने सांभाळली. पंप पाठीवर घेऊन स्वतः फवारायची. "मोहराचा रस पिणारे तुडतुडे मोहर फुटतानाच मारावं. फूल उमललं का पंपाले हात नाही लावायचा, मधमाशा मरतेत," हेही तिनेच मला शिकवलं.

एका वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी ती आमगावला अडकली. परतली तेव्हा फुलं पूर्ण उमललेली, आणि तुडतुड्यांनी मोहर चिकट करून टाकलेला. शेजारच्या डोमाभाऊंनी त्याच वर्षी बांधालगत मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या. सगळं ठाऊक असून मोठ्या मायने दुसऱ्या दिवशी सकाळीच फवारलं.

संध्याकाळी पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा थर साचला होता. डोमाभाऊ भांडले नाहीत, खाली बसून माश्या झाडत होते. मोठी माय बराच वेळ बांधावर उभी राहिली, मग जवळ गेली.

"भाऊ, माझ्याच हातानं झालं."

त्यांनी मान वर केली नाही. "आदल्या दिवशी सांगतलं असतं, तं पेट्या हलवल्या असत्या मी. तेवढंही थांबता नाही आलं, बाई?"

उरलेल्या पेट्या त्यांनी विकून टाकल्या. बाजारात ते दिसले की मोठी माय पलीकडच्या गल्लीत शिरायची. कोणी तिच्या आंब्याची तारीफ केली, तर ऐकून घ्यायलाही थांबायची नाही. मोठ्याने बोलणारी ती बाई आमच्याशीसुद्धा हळू बोलू लागली.

गेल्या हिवाळ्यात तिने अंथरूण धरलं. मोहर फुटत होता.

"फवारून घेऊ का?" मी विचारलं.

"डोमाभाऊले विचारलं?"

"त्यांच्याकडे आता माशा कुठे आहेत?"

"म्हनूनच विचारून ये."

मी गेले. डोमाभाऊ गोठ्यात होते. ऐकून त्यांनी हातातली वैरण गाईपुढे टाकली. "फवारा," म्हणाले, आणि मी वळल्यावर मागून विचारलं, "बाई बरी आहे का?"

घरी येऊन मी तसंच सांगितलं. मोठ्या मायने भिंतीकडे तोंड फिरवलं. जरा वेळाने म्हणाली, "काय म्हनला? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्या वर्षीचे आंबे तिने पाहिले नाहीत.