पुठ्ठ्यावरची शाळा

दहा वर्षांच्या एका सुदानी मुलीवर अन्याय झाला. यंदाच्या जूनमध्ये, शाळा उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, दापोडीतल्या एका शाळेच्या ऑफिसच्या खिडकीपाशी. आतल्या क्लार्कने तिचा अर्ज परत सरकवला आणि तो म्हणाला, "मागच्या शाळेचा दाखला जोडा."

मुलीची आई म्हणाली, ती शाळा आता नाही.

"बंद पडली असेल तर त्यांच्याकडून तसं पत्र आणा."

मी मध्ये उभी राहून इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करत होते. ज्या शाळेवर तोफगोळे पडले, तिच्याच लेटरहेडवर ती पडल्याचं पत्र आणायचं, हे मला कुठल्याच भाषेत सांगता येईना. दाखला नाही म्हणून प्राथमिक शाळेत मूल अडवता येत नाही, हे कायद्यात लिहिलंय. मी ते सांगितलं. क्लार्क म्हणाला, "मॅडम, कायदा मला नका शिकवू, मागं लाइन बघा."

ही मायलेकींची जोडी आमच्या समोरच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहते. वडील आधी शिकायला पुण्यात आले होते. नंतर तिकडे सुदानात लढाई पेटली, तेव्हा या दोघी दोन देश ओलांडून इथे पोचल्या. मला एवढंच माहीत होतं आणि एवढं पुरेसं आहे असं मला वाटत होतं. मी संघटनेत वाढले. पत्रक कसं लिहायचं हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षातच शिकवलं गेलं: पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी, शेवटच्या ओळीत मागणी, मध्ये रडगाणं नको. त्या दिवशी सुट्टी टाकली होती. संध्याकाळपर्यंत पत्रक तयार होतं.

चित्रंही मीच केली. चाकणला मी एका पॅकिंग युनिटमध्ये आहे. परदेशी जाणाऱ्या खोक्यांवर खुणा मारायचं काम. वर जाणारे बाण, छत्री, काचेचा पेला. प्लास्टिकच्या जाड शीटमध्ये कटरने आकार कापायचा, तो पुठ्ठ्यावर धरायचा आणि शाईचा ब्रश दाबून दाबून मारायचा. फाटका पुठ्ठा सुपरवायझर घरी नेऊ देतो. तीन दिवस राबून मी वीस पोस्टरं काढली. सगळ्यांवर एकच बाई: काळा बुरखा, कडेवर रडतं मूल, वर विमान, खाली बॉम्ब. आणि एक आवळलेली मूठ, कारण मूठ नसलेलं पोस्टर मी आजवर काढलेलं नाही. रविवारी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये लावायचं ठरलं.

शनिवारी दुपारी पहिली शिफ्ट करून आले आणि एक पोस्टर त्यांच्याकडे वर नेऊन मुलीच्या आईला दाखवलं. तिनं ते हातभर लांब धरलं. मग जवळ घेतलं.

"ही कोण?"

"तुम्ही."

ती हसायला लागली. एवढी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. मुलीनं धावत येऊन पोस्टर पाहिलं, आणि तीही हसली. मला राग आला. ज्याच्यासाठी लढतोय त्यानंच हसायचं म्हणजे काय?

मग तिनं पेटीतून एक लांबच लांब कापड काढलं, पिवळ्या रंगाचं, आणि अंगाभोवती गुंडाळून पदर डोक्यावर घेतला. आमच्या साडीची मावसबहीण म्हणावी तसं. तोब म्हणतात त्याला. "मी आयुष्यात बुरखा घातलेला नाही," ती म्हणाली. "बॉम्ब टाकणारं विमान मी पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलं. मी मुलींना विज्ञान शिकवायचे. आणि हिला मी कडेवर कशी घेऊ? ही माझ्या खांद्याला लागते."

"दीदी, मेरे स्कूल की खिड़की नीली थी," मुलगी म्हणाली. गल्लीतल्या पोरांकडून शिकलेली हिंदी. "आपने पूछा ही नहीं."

विचारलंच नव्हतं. दहा-बारा वर्षांत किती पत्रकं लिहिली असतील, कंत्राटी कामगारांवर, पाण्यावर, झोपडपट्टीवर. ज्याच्याबद्दल लिहितेय त्याला शेवटचा प्रश्न कधी विचारला होता ते मला आठवेना. आम्हाला अन्याय झालेला माणूस आधीच पाठ असतो. तो कसा उभा राहील, काय घालेल, सगळं. ही आमची खोड आहे, आणि ती मला सुदानहून आलेल्या दोघींनी हसून दाखवली.

वीसच्या वीस पोस्टरं रद्दीत गेली. हॉलची तारीख एक आठवडा पुढे ढकलली. संघटनेतला एक दादा फोनवर म्हणाला, "अगं, मुद्दा थंड होईल." मी म्हटलं, होऊ दे, मला अजून मुद्दाच माहीत नाही.

मग रोज साडेचारला मी वर जायचे आणि विचारायचे. शाळेत घंटा कोण वाजवायचं? डब्यात काय? मधल्या सुट्टीत कुठे बसायचीस? मुलगी पेन्सिलीनं काढायची, मी कापायचे. तिचेही प्रश्न असायचे. खोक्यावर पेला कशासाठी? जपून उचला म्हणून. छत्री? भिजवू नका. गोल कडं कापलं की मधला तुकडा पडत का नाही? मी दाखवलं की दोन बारीक पट्ट्या न कापता ठेवायच्या, त्यांनी आतलं बाहेरच्याला धरून राहतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः कापलं, पट्ट्या माझ्यापेक्षा बारीक ठेवून. आई स्टोव्हवर सुंठ घातलेली कॉफी करायची आणि मध्ये मध्ये दुरुस्त करायची: फळा डावीकडे होता, झाड एवढं उंच नव्हतं.

रविवारी हॉलमध्ये आठच पुठ्ठे लागले. घोषणा नाही, मूठ नाही. दादा लोक कोपऱ्यात नाराज उभे. पण बायका येऊन थांबल्या. पोस्टरपुढे कोणी थांबत नाही, माझा अनुभव आहे. कळलं म्हणतात आणि जातात. इथं माझी आईच पहिली थांबली.

"हे झाड कसलं गं?"

"नीम," सुदानी बाई म्हणाली.

"लिंब? तुमच्याकडं पण लिंब हाय?" आईनं चष्मा वर केला. "बाई बाई. मग दात कशानं घासता, ह्याच्याच काडीनं?"

मी इंग्रजी केलं. ती हो म्हणाली. त्यावरून ते सुरू झालं ते तासभर चाललं. शेजारच्या काकूंना तोब नेसून बघायचा होता. गॅरेजवाल्या चाचांना विचारायचं होतं की तिकडे रिक्षा कुठल्या कंपनीची असते. ती कुठल्याही प्रश्नाला कंटाळली नाही. मला वाटतं, इथे आल्यापासून तिला पहिल्यांदाच कोणी पासपोर्टाबाहेरचं काही विचारत होतं.

आठवा पुठ्ठा मुलीनं मला न दाखवता केला होता. त्यावर त्यांचं खार्टूम शहर नव्हतं. लोखंडी जाळीची खिडकी, जाळीतून बाहेर आलेला हात, हातात कागद. वर गोल घड्याळ, मधला तुकडा दोन पट्ट्यांनी धरलेला. दहा वाजून वीस मिनिटं. मी सुरुवातीला दिलेली वेळ माझ्या आठवणीतली नाही, तिच्या त्या घड्याळातली आहे. मी त्या वेळी क्लार्कशी भांडत होते. वर बघत ती होती.

त्या पुठ्ठ्यापुढे एक बाई बराच वेळ उभ्या होत्या. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात, त्याच शाळेत पाचवीला शिकवतात. "ही जाळी आमची आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग मुलीला विचारलं, "अपूर्णांक येतात का तुला?" मी "फ्रॅक्शन्स" असं सांगितलं. मुलीनं उत्तर द्यायच्या आधी विचारलं, "कौन से वाले?" बाई हसल्या. "उद्या ये. माझ्या वर्गात बस."

ती दुसऱ्या दिवसापासून बसते आहे. पण हजेरीपटावर तिचं नाव नाही. बाई पट वाचून संपवतात आणि मग एक नाव तोंडी घेतात, तिचं. बाईंची बदली झाली की ते नाव घेणारं कोणी उरणार नाही. अर्ज अजून ऑफिसात तसाच पडून आहे. दर सोमवारी शिफ्टनंतर शाळा सुटायच्या आत मी आणि तिची आई त्या खिडकीपाशी जातो. आता बरोबर माझी आई येते, कधी काकू येतात. क्लार्क म्हणतो, "आज पुन्हा?" माझी आई म्हणते, "व्हय, पुन्हा."

तुमच्या घराजवळ एक शाळा आहे. या आठवड्यात तिच्या खिडकीपाशी जा आणि विचारा, दाखला नाही म्हणून यंदा कोणाला परत पाठवलंत. त्या मुलाच्या घरी जा. भाषण करू नका, त्याची शाळा कशी होती ते विचारा. मग त्याचा हात धरून त्याच खिडकीपाशी परत या, आणि नाव पटावर चढेपर्यंत लाइनीतून हलू नका.