कृष्णाजींच्या हातचं अक्षर

प्रभाकर धुमाळ देवासच्या मालधक्क्यावर वॅगनी तपासायचे. दोन खाजगी मालगाडी कंपन्या एक झाल्या, तेव्हा आपल्या जुन्या कंपनीच्या वॅगनी ओळखून वेगळ्या काढायचं काम त्यांच्याकडे आलं. पण नव्या मालकांनी आधीच सगळ्या वॅगनींना एकच करडा रंग फासला होता, जुनी नावं-नंबर त्याखाली गेले होते. धुमाळ वेल्डिंगच्या रेघा आणि ठिगळं बघत फिरायचे. पुष्कळदा ओळख पटायचीच नाही.

अशात सतवासहून जमुनाबाई आल्या. त्यांचे यजमान कृष्णाजी या वॅगनींवर ब्रशने कंपनीचं नाव लिहायचे. गेल्या वर्षी ते वारले.

"भाऊजी, त्यांच्या हातचं एखादं अक्षर दाखवा," त्या म्हणाल्या. "त्या कामाचा घरात फोटोसुद्धा नाही."

धुमाळांनी तीन-चार वॅगनींवरचा रंग खरवडून पाहिला. खाली नुसता गंज निघाला.

"ही असावी बहुतेक, वहिनी," वेल्डिंगची एक रेघ बघून ते एका वॅगनीपाशी थांबले.

"पक्की हीच का?"

"सांगता येत नाही."

तरीही जमुनाबाईंनी तिच्यावर हात टेकवला. तेवढ्यात इंजिनाची शिटी झाली आणि धुमाळांनी त्यांना हलकेच मागे घेतलं. ती वॅगन घेऊन गाडी निघून गेली तरी त्या रुळांकडे बघत उभ्या होत्या.