कातळावरचा पातेरा

"ताई, कातळ कुणी खरवडला?" बांधावरूनच मी ओरडले.

"मीच. राबाला पातेरा कमी पडला," मोठी जाऊ म्हणाली. भाताच्या रोपांची जागा भाजायला शेण, टहाळ आणि वाळका पाला पसरून केलेल्या त्या राबाला तिने नुकतीच काडी लावली होती.

शेणवे गावातल्या आमच्या शेताला लागून असलेल्या त्या कातळाच्या भेगेत एक नेचा होता. दोन जातींच्या संकरातून झालेला. असल्या नेच्याचे बीजाणू रुजत नाहीत, आहे ते मूळ गेलं की सगळं संपलं. मी मुरबाडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. इथल्या आणि मुरबाडच्या, दोन्ही तालुक्यांतले कातळ पालथे घातले, पण दुसरा कुठे मिळाला नव्हता.

"अहो, श्रावणात दाखवला होता ना मी तुम्हाला!"

"तो हिरवागार होता गो. हा तर वाळून कोळसा झालेला!"

खरंच होतं तिचं. उन्हाळ्यात तो पानं आवळून घेतो, मग पाचोळ्यातून मलाही चटकन ओळखू येत नाही.

राब वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात. आग सावकाश सरकते, माती नीट भाजते आणि भाताच्या रोपात तण होत नाही. त्या सावकाशीवरच माझी सगळी भिस्त. दुसऱ्या टोकाला बसून मी नेचा शोधत शेण, टहाळ, पातेरा उपसायला लागले. धुराने डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात वारा फिरला आणि जाळ सरळ माझ्याकडे आला.

"ऊठ गो! पदर पेटंल!" ताईने दंड धरून ओढलं. मी तिचा हात झिडकारला, चांगलाच जोरात. मग ती करंजाची ओली फांदी तोडून जाळ विझवायला स्वतःच्याच राबावर सपासप मारायला लागली. अर्धा राब न भाजता तसाच कच्चा राहिला.

नेच्याचा तळहाताएवढा गुंता सापडला. मुळाला थोडी माती होती. आम्ही दोघींनी तो भेगेत बसवला, चिखलाने लिंपला. त्याला रोज तांब्याभर पाणी घालायचं ताईने आपणहून अंगावर घेतलं. मी मुरबाडला परतले.

आषाढात तिचा फोन आला.

"कच्च्या राबात तण माजलंय गो," ती म्हणाली. "रोपं दिसत नाय. कातळावर मातर कायच नाय आलं. मी रोज बघते."