चुलीवर वाकलेला अंतराळवीर

थिनरचा वास आला की कुंभारवाड्यातली आमची चूल आठवते. पावसाळा भरात होता, आणि माझ्या रेझिनच्या वीतभर, बंदूकधारी अंतराळवीराच्या पुतळ्यावर रंगाआधी मारलेला राखाडी प्रायमर काही केल्या वाळत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो पुतळा बेळगावच्या प्रदर्शनात न्यायचा होता. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात आईने तो चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर ठेवला. आमच्याकडं पावसात सोलं, मासळी, बियाणं सगळं तिथंच सुकतं. परत येऊन बघतो तर प्रायमर खडखडीत वाळलेला, पण आचेने कंबर मऊ होऊन अंतराळवीर पुढे वाकलेला, शिरस्त्राण गुडघ्याला टेकायला आलेलं. मी झडप घालून तो उचलला. बोटं पोळत होती, रेझिन गार होत होतं. कमरेला अंगठे लावून जोर देणार, तोच बारीकसा करकर आवाज आला. आईने माझं मनगट धरलं. "सरळ करू नगंस, मोडंल त्यो." "मग उद्या नेऊ काय?" मी ओरडलो. ती घाबरलेली, तरी त्याच्याकडं बघत राहिली. "भातलावणीला वाकल्यागत दिसतोय बघ."  मी तो तसाच गार पाण्यात बुडवला, हातातली बंदूक कापून तिथं हिरव्या रंगात बुडवलेल्या काथ्याची रोपं चिकटवली आणि गुडघ्यापर्यंत चिखल रंगवला. तो अजून माझ्या कपाटावर वाकून उभा आहे. आईची कंबरही आता तशीच झालीय. उठवताना तिच्या पाठीला हात लावला की म्हणते, "सरळ करू नगंस, मोडंल."