माझा गुडघा ठणठणीत आहे

माझ्या हातातली रॅकेट मेधाने काढून घेतली. मेधा माझी डबल्समधली जोडीदार. रॅकेट तिचीच, जास्तीची, दोन सीझन मीच वापरत होते. लॉकररूमच्या बाकावर बसून तिने मुठीवरची पट्टी ओढून काढली. सगळी. कचऱ्यात टाकली. मग मूठ वाइप्सने पुसली.

"जुनी झाली होती गं," म्हणाली.

पट्टी मी चारच दिवसांपूर्वी नवी लावली होती.

आदल्या रात्री कुणीतरी व्हॉट्सॲपवर माझा फोटो टाकला होता. जयंतीच्या कार्यक्रमातला, बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालताना. तोवर माझ्या आडनावावरून तिला पत्ता लागला नव्हता. मी नागपूरची, कॅनडात ओटावाला सरकारी नोकरीत. ती पुण्याची, तिथल्याच कनाटा उपनगरात सॉफ्टवेअरमध्ये. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी रॅकेटबॉल शिकले ते तिच्यामुळेच. एका डब्यात जेवलोय आम्ही.

तासाभरात स्पर्धेतला आमचा सामना होता.

"काउंटरवर सांग, गुडघा दुखतोय. आपण विड्रॉ करू. उगाच इश्यू नको."

शाळेत मला मागे बसवायचे तेव्हा आई म्हणायची, गप बस, शीक. गप बसले. शिकले. इथवर आले. आता हे खोटंही मीच बोलायचं?

काउंटरवर गेले. इंग्रजीत सांगितलं, "माझा गुडघा ठणठणीत आहे. माझ्या कास्टमुळे ती खेळत नाही."

क्लबच्या गोऱ्या सेक्रेटरीने माझ्या हाताकडे पाहिलं. त्याला वाटलं, कास्ट म्हणजे प्लास्टर. मी समजावलं. जात. जन्माबरोबर चिकटवलेली.

"दॅट्स बिटवीन यू टू," तो म्हणाला.

मागे मेधा रडायला लागली. सगळे तिला पाणी द्यायला धावले.

तेव्हापासून मी सिंगल्स खेळते. आज एकसष्ट वर्षांची आहे. खांद्याचं ऑपरेशन झालंय. माझ्या वयोगटात दोनदा प्रांतात पहिली आले. बाकी बहुतेक वेळा हरले. क्लबातल्या मराठी बायका मला बघून फोनमध्ये डोकं घालतात.

क्लबच्या भेदभावाविरुद्धच्या नियमात वंश आहे, रंग आहे, धर्म आहे. जात नाही. ती घाला, असा ठराव मी दर वार्षिक सभेत मांडते. दर वेळी पाडतात. मागच्या सभेत सेक्रेटरी हसला. "अजून कितीदा?"

ठराव मांडायचा हक्क स्पर्धा खेळणाऱ्या मेंबरलाच आहे. म्हणून खेळते. हरले तरी पुढच्या स्पर्धेत नाव घालणार, पुढच्या सभेत उभी राहणार. मला थांबवायचं असेल, तर त्यांनी माझ्या मरणाची वाट बघावी.